प्रतिबंधाची चाचणी फसते तेव्हा नेमकं काय फसतं?

काजवा
एचआयव्ही प्रतिबंधाच्या संशोधनातला एक गुंता इथल्या जाणकारांकडून सोडवून घ्यायचा आहे.

जुलै २०१० मध्ये व्हिएन्नाच्या एड्स परिषदेत क्वारैशा आणि सलीम अब्दुल करीम यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या काप्रिसा ००४ चाचणीचे निकाल मांडले. योनीत लावायचं, टेनोफोविर या एचआयव्हीविरोधी औषधाचं १ टक्का जेल होतं, ८८९ स्त्रिया होत्या. संबंधाआधी १२ तासांच्या आत एक मात्रा, संबंधानंतर १२ तासांच्या आत दुसरी, आणि २४ तासांत दोनहून जास्त नाही, असा नियम. एचआयव्हीची लागण ३९ टक्क्यांनी कमी झाली. ज्यांनी ८० टक्क्यांहून जास्त वेळा नियम पाळला त्यांच्यात ५४ टक्क्यांनी. जोडीदाराची परवानगी न मागता स्त्रीला स्वतः वापरता येईल असं काहीतरी हाती लागलं, म्हणून या निकालाचं मोल फार मोठं होतं.

मग फॅक्ट्स ००१ आली. तेच जेल, तोच नियम, तोच देश. २०१५ मध्ये निकाल लागला: फरक नाही. त्याआधी व्हॉइस चाचणीत ५,०२९ स्त्रियांना टेनोफोविरच्या रोजच्या गोळ्या किंवा रोजचं जेल दिलं होतं, तिथेही फायदा दिसला नव्हता. उलट केनिया-युगांडातल्या पार्टनर्स प्रेप (प्रेप म्हणजे लागण होण्याआधीच घ्यायचं प्रतिबंधक औषध) चाचणीत त्याच गोळ्यांनी लागण ६७ ते ७५ टक्क्यांनी घटली.

औषध तेच, मग निकाल असे टोकाचे का? 'औषध निकामी' आणि 'औषध घेतलंच गेलं नाही' यातलं खरं काय, हे संशोधक कसं ठरवतो? 'अपयशी' हा शिक्का फार लवकर मारला जातो असं माझं मत आहे.

वाटसरू
चांगला विषय. वाचतोय.

गणितज्ञ_गोपाळ
आधी आकडेमोड, कारण बराचसा घोळ तिथेच आहे.

अशा चाचणीची ताकद माणसांच्या संख्येवर ठरत नाही, लागण झालेल्यांच्या संख्येवर ठरते. समजा औषध लागण निम्म्यावर आणतं आणि ते ९० टक्के खात्रीने पकडायचं आहे. १.९६ आणि १.२८ या संख्याशास्त्रातल्या ठरलेल्या आकड्यांच्या बेरजेचा वर्ग साधारण १०.५, त्याची चौपट ४२. त्याला ०.५ च्या नैसर्गिक लॉगच्या वर्गाने, म्हणजे ०.४८ ने भागा. ८८ येतात. दोन्ही गटांत मिळून ८८ जणांना लागण होईपर्यंत चाचणी चालवावी लागते. औषध नसलेल्या गटात वर्षाला ३ टक्के लागण धरली, तर दोन्ही गटांची सरासरी २.२५ टक्के. म्हणजे सुमारे ३,९०० व्यक्तिवर्षं (एक माणूस एक वर्ष चाचणीत, म्हणजे एक व्यक्तिवर्ष).

आता समजा औषध घेणाऱ्यांमध्ये ते ७० टक्के काम करतं, पण घेतात फक्त ३० टक्के. सबंध गटात दिसणारा परिणाम २१ टक्क्यांवर आला. हाच हिशोब पुन्हा केला तर ७५५ लागणी लागतात आणि २८,००० व्यक्तिवर्षं. एवढी मोठी चाचणी कोणी करत नाही. मग ३,९०० व्यक्तिवर्षांसाठी आखलेली चाचणी 'फरक आढळला नाही' असं म्हणून संपते, आणि वर्तमानपत्रात मथळा येतो 'औषध निष्प्रभ'. चाचणीने तसं म्हटलेलंच नसतं.

काजवा
गोपाळराव, हे फार नेमकं झालं. पण त्या ३० टक्क्यांचा आकडा कळतो कसा? विचारून?

पारिजातक
विचारून अजिबात नाही. व्हॉइसमध्ये विचारल्यावर ९० टक्क्यांच्या आसपास नियमितपणा सांगितला जात होता. परत आलेल्या गोळ्या मोजल्यावरही आकडा तसाच चांगला येत होता. रक्त तपासलं तेव्हा जेमतेम २५ ते ३० टक्के नमुन्यांत औषध सापडलं. गोळ्या टाकून देऊन रिकामी बाटली परत आणणं अवघड नाही.

आणि यात त्या बायकांना खोटं ठरवण्यासारखं काही नाही. दर महिन्याला केंद्रात जायचं, तिथली माणसं मायेने वागतात, तपासण्या-उपचार मिळतात. 'घेतली नाही' म्हटलं तर हे सगळं तुटेल ही भीती खरी असते.

रक्तबिंदू
प्रयोगशाळेच्या बाजूने सविस्तर लिहितो.

रक्तद्रवातलं टेनोफोविर फक्त मागच्या काही दिवसांचं सांगतं. भेटीच्या आदल्या रात्री एक गोळी घेतली तरी नमुना 'औषध आहे' असाच येतो. म्हणून आता वाळवलेल्या रक्ताचा ठिपका वापरतात. टेनोफोविर पेशीत शिरल्यावर टेनोफोविर डायफॉस्फेट होतं आणि तांबड्या पेशींत साठत जातं. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे प्रमाण निम्मं व्हायला लागणारा काळ, तिथे सुमारे १७ दिवस, त्यामुळे मागच्या सहा-आठ आठवड्यांची सरासरी मिळते. ३ मिलिमीटरच्या चकतीत ७०० फेम्टोमोल (अतिसूक्ष्म प्रमाणाचं एकक) किंवा अधिक म्हणजे आठवड्याला चार किंवा जास्त गोळ्या, हा पुरुषांच्या अभ्यासांतून रूढ झालेला उंबरठा.

कृती साधी आहे, पण बिघडण्याच्या जागा बऱ्याच. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीतलं रक्त हलक्या हाताने उलटसुलट करून सारखं करायचं आणि कार्डावरच्या प्रत्येक वर्तुळात पिपेटने २५ मायक्रोलिटर सोडायचं. पिपेटचं टोक कागदाला टेकवायचं नाही. एकाच ठिपक्यावर दुसरा थेंब टाकायचा नाही, कारण मग चकतीत किती रक्त आलं याचा भरवसाच राहत नाही. कार्ड आडवं ठेवून किमान दोन तास वाळवायचं, हवा दमट असेल तर रात्रभर. पंखा, हीटर, ऊन काही नाही. ठिपका सगळीकडे सारखा गडद तपकिरी झाला की कार्ड बंद पिशवीत, सोबत ओल शोषणारी पुडी आणि ओल दाखवणारं कार्ड, मग उणे २० अंशांना. ओलसर कार्ड पिशवीत गेलं की औषधाचं प्रमाण खोटं कमी दिसतं आणि गोळ्या नियमित घेणारी बाई कागदोपत्री अनियमित ठरते.

केसांचाही उपयोग होतो. डोक्याच्या मागच्या भागातून ५० ते १०० केस अगदी मुळाशी कापायचे, मुळाकडचं टोक कोणतं त्यावर खूण करायची आणि फॉइलमध्ये गुंडाळायचे. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतात, म्हणजे टाळूजवळचा पहिला सेंटिमीटर हा मागचा महिना. शीतसाखळी लागत नाही, हा मोठा फायदा.

अनुष्टुभ
@रक्तबिंदू, उत्तम माहिती. आयप्रेक्स या रोजच्या गोळीच्या चाचणीत (२०१०, २,४९९ सहभागी) याच मार्गाने उत्तर मिळालं. सगळे धरून संरक्षण ४४ टक्के. पण औषध घेण्याच्या गटातल्या ज्यांना लागण झाली, त्यांच्यापैकी ९ टक्क्यांच्याच रक्तात औषध होतं. लागण न झालेल्यांत ५१ टक्क्यांच्या रक्तात. त्यावरून औषध अंगात असलेल्यांत धोका ९२ टक्क्यांनी कमी असा अंदाज निघाला.

म्हणजे काजवा यांच्या प्रश्नाचं उत्तर झालं: औषध चालतं, घेतलं नाही तर चालत नाही.

सावली
अनुष्टुभ, इतकं सरळ नाही. दोन हरकती आहेत.

पहिली पद्धतीची. औषध घेणारे आणि न घेणारे हे चिठ्ठ्या टाकून ठरलेले गट नव्हेत. जी व्यक्ती रोज आठवणीने गोळी घेते ती कंडोमही जास्त वापरत असेल, तिचे जोडीदार कमी असतील. ९२ मधला काही भाग त्या स्वभावाचा असू शकतो. म्हणूनच प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली नकली गोळी घेणाऱ्या, गटातही नियमित आणि अनियमित यांची तुलना करून पाहावी लागते.

दुसरी हरकत शरीराची. तोंडाने घेतलेलं टेनोफोविर गुदाशयाच्या ऊतींत भरपूर साठतं, योनीच्या ऊतींत त्यामानाने फार कमी. त्यामुळे पुरुषांमध्ये चार गोळ्या चुकीला जेवढी जागा देतात, तेवढी स्त्रियांना मिळत नाही असं बरीच वर्षं सांगितलं गेलं. जेलच्या बाबतीत तर जिवाणूसुद्धा आड येतात. काप्रिसा ००४ चे नमुने पुन्हा तपासून २०१७ मध्ये दाखवलं गेलं की लॅक्टोबॅसिलस या योनीतल्या हितकर जिवाणूचं प्राबल्य असलेल्या स्त्रियांत जेलने ६१ टक्के संरक्षण दिलं, इतरांत फक्त १८ टक्के. गार्डनेरेलासारखे जिवाणू टेनोफोविर पेशीत शिरण्याआधीच फस्त करतात. जेल वेळच्या वेळी लावूनही एखादीला संरक्षण कमी मिळालं असेल, तर त्यात तिचा दोष कुठला?

अनुष्टुभ
जेलबद्दल मान्य. गोळीबद्दल नाही. पार्टनर्स प्रेपमध्ये योनीतल्या जिवाणूंनी गोळीच्या परिणामात फरक पाडला नाही. आणि २०२४ मध्ये ११ अभ्यासांतल्या सहा हजारांहून अधिक स्त्रियांचा डेटा एकत्र केला, तेव्हा आठवड्याला चार ते सहा गोळ्या सातत्याने घेणाऱ्यांतही लागण अगदी नगण्य होती. 'स्त्रियांना सहा-सात गोळ्या लागतातच' हा ऊतींतल्या प्रमाणावरून काढलेला तर्क होता. प्रत्यक्ष लागणीचे आकडे तितके कडक निघाले नाहीत.

सावली
तो डेटा पाहिला आहे, आणि त्यामुळे बरं वाटलं हेही खरं. तरी सल्ला देताना 'रोज एक' हाच द्यावा. चार पुरतात असं कळलं की चाराच्या दोन व्हायला वेळ लागत नाही.

ऋतुजा
पार्टनर्स प्रेप यशस्वी का झाली हा काजवा यांचा मुद्दा मागे पडतोय. तिथे जोडपी होती, एकाला एचआयव्ही आहे हे दोघांनाही माहीत. धोका समोर दिसत होता, गोळी घेण्याचं कारण लपवावं लागत नव्हतं, आणि आठवण करायला घरात माणूस होता. तपासलेल्या नमुन्यांपैकी ८२ टक्क्यांत टेनोफोविर होतं. फेम-प्रेप या स्त्रियांवरच्या गोळीच्या चाचणीत आणि व्हॉइसमध्ये बहुतेक तरुण, बऱ्याच अविवाहित स्त्रिया. त्यांना औषध रोज घ्यायचं होतं ते अशा आजारासाठी, जो त्यांना झालेलाच नव्हता.

व्हॉइस संपल्यावर संशोधकांनी सहभागी स्त्रियांना त्यांच्या रक्ताचे निकाल दाखवून मोकळेपणी विचारलं. बाटली कोणी पाहिली तर 'हिला एचआयव्ही आहे' अशी कुजबुज होईल, गोळ्यांनी अपाय होईल, जोडीदार संशय घेईल, अशी कारणं पुढे आली. हे आधीच विचारलं असतं तर? माझ्या मते समाजशास्त्राचं काम चाचणीनंतर नव्हे, चाचणी आखताना व्हायला हवं. २००४ मध्ये कंबोडियातली आणि २००५ मध्ये कॅमेरूनमधली टेनोफोविरची चाचणी बंद पडली, ती औषधामुळे नाही. ज्यांच्यावर चाचणी होणार त्यांच्याशी नीट बोलणं झालं नाही, चाचणीदरम्यान लागण झालेल्यांच्या उपचाराची हमी मिळाली नाही, यावरून. लोकसहभागाचे आंतरराष्ट्रीय निकष त्यानंतर २००७ मध्ये लिहिले गेले.

प्रश्न विचारण्याची पद्धतही बदलता येते. समोरासमोर विचारण्याऐवजी हेडफोनवर प्रश्न ऐकवायचा आणि उत्तर पडद्यावर स्वतः दाबू द्यायचं. अवघड प्रश्नांना खरी उत्तरं मिळण्याची शक्यता त्याने वाढते, पण खात्री नाही. म्हणून संबंधांबद्दलच्या उत्तरांची पडताळणी योनीतल्या स्वॅबवर करतात: पीएसए हे वीर्यातलं प्रथिन सापडलं तर मागच्या सुमारे दोन दिवसांत वीर्याचा संपर्क आलेला आहे.

वाटसरू
एक अडाणी प्रश्न. हे सगळं एचआयव्हीचं झालं. सिफिलिस, गनोरिया यांचं काय? डॉक्सीसायक्लिन या प्रतिजैविकाची गोळी संबंधानंतर घ्यायची म्हणतात ती?

सावली
अडाणी कसला, अगदी वेळेवर विचारलंत. तिथेही हीच कथा घडली.

पद्धत अशी: कंडोमशिवाय संबंध आल्यास शक्य तितक्या लवकर, जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत डॉक्सीसायक्लिन २०० मिलिग्रॅम, म्हणजे १०० च्या दोन गोळ्या एकदम. २४ तासांत २०० च्या वर नाही. पेलाभर पाण्याबरोबर, बसून किंवा उभं राहून, आणि त्यानंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून व्रण पडतो. लोह, कॅल्शियम, अँटासिड यांच्यात दोन तासांचं अंतर. गरोदरपणात देत नाहीत. पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि ट्रान्स स्त्रिया यांच्यावर अमेरिकेत झालेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लैंगिक संसर्ग सुमारे दोन तृतीयांशाने कमी झाले.

त्याच वर्षी केनियाच्या किसुमूतली ४४९ तरुण स्त्रियांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. ५० विरुद्ध ५९ संसर्ग, म्हणजे फरक नाही. साप्ताहिक संदेशांवर 'गोळी घेतली' असं उत्तर येत होतं. केस तपासले तेव्हा २९ टक्के नमुन्यांतच औषध होतं.

रक्तबिंदू
यात एक जोड. त्या चाचणीत गनोरियाचे जे नमुने तपासता आले, त्या सगळ्यांत टेट्रासायक्लिनला, म्हणजे डॉक्सीसायक्लिनच्याच गटातल्या औषधाला, प्रतिकार होता. म्हणजे गनोरियापुरतं बोलायचं तर गोळी घेतली असती तरी उपयोग बेताचाच. क्लॅमिडियाचं तसं नाही, त्यात प्रतिकार दिसला नाही. एकाच चाचणीत दोन निरनिराळी अपयशं एकमेकांवर चढलेली आहेत. काजवा, तुमच्या प्रश्नाचं याहून चांगलं उदाहरण मला सुचत नाही.

लैंगिक संसर्गांच्या चाचणीत नमुन्यांच्या चुकाही निकाल फिरवतात:

लघवीचा नमुना म्हणजे धारेचा पहिलाच भाग, २० ते ३० मिलिलिटर, आणि त्याआधी किमान एक तास लघवी केलेली नसावी. साध्या तपासणीची सवय असलेले लोक मधली धार देतात आणि जंतू निसटतात. स्त्रियांमध्ये लघवीपेक्षा योनीचा स्वॅब बरा. तो त्यांनी स्वतः घेतला तरी निकालाचा दर्जा तोच राहतो, हे आता पक्कं आहे. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत फक्त लघवी तपासली तर घशातले आणि गुदाशयातले संसर्ग हातचे जातात, आणि ते बहुधा लक्षणांशिवायच असतात. तिन्ही जागा तपासायच्या.

क्लॅमिडियाचा उपचार झाल्यावर तीन-चार आठवड्यांच्या आत पुन्हा जनुकीय तपासणी केली तर मेलेल्या जंतूंचं डीएनए सापडून नवा संसर्ग मोजला जातो. आणि गनोरियाच्या प्रतिकाराचा माग घ्यायचा तर नुसत्या जनुकीय तपासणीवर भागत नाही, कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहणं, लागतंच. स्वॅब ताबडतोब निवडक माध्यमावर पसरून ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये ३५ ते ३७ अंशांना. तो जंतू फार नाजूक आहे, फ्रिजमध्ये ठेवला की संपला.

अंजन
सगळं वाचलं. मला मूळ मांडणीच पटत नाही, म्हणून लिहितो.

'घेतलं असतं तर चाललं असतं' हे औषध कंपनीच्या दृष्टीने ठीक. प्रतिबंधाच्या दृष्टीने घेतलं न जाणं हेही अपयशच. ज्या साधनाला माणूस घरात ठेवू शकत नाही, लपवू शकत नाही, ज्याची रोज आठवण ठेवू शकत नाही, ते साधन त्या माणसासाठी बनलेलंच नाही. सबंध गटाचा निकाल हाच खरा निकाल. व्हॉइसने अत्यंत मोलाचं उत्तर दिलं: या वयाच्या, या परिस्थितीतल्या स्त्रियांना रोजची गोळी आणि रोजचं जेल हा मार्ग देऊन भागणार नाही.

ऋतुजा
शंभर टक्के सहमत. व्हॉइस अपयशी म्हणणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

काजवा
अंजन, तुमचा मुद्दा मान्य, पण दोन्ही उत्तरं वेगवेगळी ठेवायला हवीत. औषधच निकामी असेल तर ते सोडून द्यायचं. औषध चांगलं आणि रूप गैरसोयीचं असेल तर रूप बदलायचं. २०१५ मध्ये सगळे पहिल्या निष्कर्षावर गेले असते तर पुढची इंजेक्शनं आली असती का?

अनुष्टुभ
त्याच इंजेक्शनांबद्दल. कॅबोटेग्रॅविर: ६०० मिलिग्रॅम, ३ मिलिलिटर, नितंबाच्या स्नायूत खोल. पहिली दोन चार आठवड्यांच्या अंतराने, मग दर आठ आठवड्यांनी. एचपीटीएन ०८४ चाचणीत ३,२२४ आफ्रिकी स्त्रिया होत्या. गोळीच्या गटात ३६ लागणी, इंजेक्शनच्या गटात ४.

मग लेनाकॅपाविर. पर्पज १ चाचणी, दक्षिण आफ्रिका आणि युगांडा, १६ ते २५ वयोगट, निकाल २०२४ मध्ये. इंजेक्शन घेतलेल्या २,१३४ जणींपैकी एकीलाही लागण नाही. ९२७ मिलिग्रॅम, म्हणजे दीड-दीड मिलिलिटरची दोन इंजेक्शनं, पोटावर त्वचेखाली, दर २६ आठवड्यांनी. सुरुवातीला पहिल्या आणि दुसऱ्या दिवशी ३०० च्या दोन-दोन गोळ्या घ्याव्याच लागतात, कारण त्वचेखालच्या साठ्यातून औषध सावकाश पाझरतं आणि रक्तातली पातळी चढायला वेळ लागतो. दुसऱ्या दिवसाच्या गोळ्या घरी घ्यायच्या असतात आणि नेमक्या त्याच राहून जाण्याचा धोका असतो. इंजेक्शनच्या जागी गाठ येते, महिनोन्‌महिने हाताला लागते. हे आधी सांगितलं नाही तर माणूस घाबरून दुसऱ्या वेळी येत नाही.

गणितज्ञ_गोपाळ
पर्पज १ मधली रचना मुद्दाम समजून घेण्यासारखी. प्लासिबो गट नव्हता. उपयोगी गोळी उपलब्ध असताना हजारो तरुणींना नुसती साखरेची गोळी देणं नीतीला धरून नव्हतं. मग तुलना कशाशी?

चाचणीत घेण्याआधी ८,०९४ जणींची एचआयव्ही तपासणी झाली. ज्या बाधित निघाल्या त्यांच्या रक्तावर 'लागण ताजी की जुनी' हे ओळखणारी तपासणी केली. शरीर नवीन असताना प्रतिपिंडं विषाणूला सैल धरतात, महिने उलटतात तशी पकड घट्ट होते, त्यावरून ताज्या लागणी वेगळ्या काढता येतात. त्यातून त्या लोकसंख्येत चाचणी नसती तर वर्षाला किती लागणी झाल्या असत्या, याचा अंदाज बांधला: १०० व्यक्तिवर्षांमागे २.४१. जुन्या रोजच्या गोळीच्या गटात हा आकडा १.६९ आला, म्हणजे संख्याशास्त्राच्या दृष्टीने काहीच वेगळा नाही. लेनाकॅपाविरच्या गटात शून्य.

रोजच्या गोळीचा गट पुन्हा व्हॉइससारखाच वागला, १० वर्षांनंतर. अंजन यांचं म्हणणं आणि काजवा यांचं म्हणणं, दोन्ही याच एका तक्त्यात दिसतात.

पारिजातक
गोपाळजी, वर 'शरीर नवीन असताना'च्या जागी 'लागण नवीन असताना' हवं ना?

गणितज्ञ_गोपाळ
हो, 'लागण नवीन असताना' असंच वाचावं. धन्यवाद.

रक्तबिंदू
इंजेक्शनांनी नियमितपणाचा प्रश्न सुटला तरी निदानाचा नवा प्रश्न आला. कॅबोटेग्रॅविर अंगात असताना लागण झाली तर विषाणू इतका दबलेला राहतो की प्रतिपिंडं तयार व्हायला वेळ लागतो. नेहमीची जलद तपासणी बरेच आठवडे, कधी महिने, निगेटिव्ह किंवा धूसर येते. तोवर पुढचं इंजेक्शन दिलं जातं आणि त्या गटातल्या औषधांना प्रतिकार तयार होऊ शकतो, म्हणजे एचआयव्हीच्या उपचारातलं डोल्युटेग्रॅविर हे त्याच गटातलं औषधही अडचणीत. इंजेक्शन सोडल्यानंतरही औषध अल्प प्रमाणात महिनोन्‌महिने रेंगाळतं: संरक्षण द्यायला अपुरं, प्रतिकार घडवायला पुरेसं. म्हणून इंजेक्शन थांबवताना धोका संपलेला नसेल तर गोळी किंवा दुसरं साधन लगेच सुरू करायचं.

सावली
आता मूळ प्रश्नाची तिसरी बाजू. इथे सगळे 'घेतलं नाही म्हणून चाललं नाही' यावरच घुटमळताहेत. औषध व्यवस्थित घेतलं, अपेक्षित कामही केलं, तरी प्रतिबंध झाला नाही, असंही घडलेलं आहे.

जननेंद्रियावरच्या नागिणीमुळे, म्हणजे एचएसव्ही-२ मुळे, एचआयव्हीची लागण होण्याचा धोका वाढतो हे पक्कं माहीत होतं. मग ॲसायक्लोविर ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देऊन पाहिलं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३,४०८ जोडपी होती. बाधित जोडीदाराला औषध दिलं, व्रण ७३ टक्क्यांनी कमी झाले, रक्तातला एचआयव्हीही थोडा उतरला. जोडीदाराला होणारी लागण मात्र कमी झाली नाही. निरोगी व्यक्तींना ॲसायक्लोविर देऊन पाहिलं, तिथेही तेच. कारण नंतर ऊती तपासल्यावर उमगलं: व्रण वरून भरला तरी त्याच्या जागी एचआयव्हीला हव्या असलेल्या सीडी४ या पांढऱ्या पेशींचा जमाव महिनोन्‌महिने टिकून राहतो, औषध चालू असतानाही.

आणि नॉनॉक्सिनॉल-९ विसरू नये. हे शुक्राणुनाशक प्रयोगशाळेत विषाणू मारत होतं. प्रत्यक्ष चाचणीत वारंवार वापरणाऱ्या स्त्रियांत लागण वाढली, कारण ते योनीचं अस्तरच सोलत होतं. तिथे नियम जितका नेटाने पाळला तितका अपाय जास्त. रक्तातल्या पातळीवरून सगळी उत्तरं मिळतात असं समजणाऱ्या संशोधकाने ही दोन उदाहरणं टेबलावर लिहून ठेवावीत.

काजवा
सावलीताई, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. म्हणजे तीन प्रश्न वेगळे विचारायचे: औषध अंगात पोचलं का, पोचून जंतूवर काम केलं का, आणि त्या कामाने लागणीची वाट खरंच बंद झाली का.

सावली
आणि चौथा: तपासणीने लागण बरोबर पकडली का. रक्तबिंदू यांनी वर लिहिलंय ते.

वाटसरू
अवांतर होईल, पण ज्यांना उद्या गोळी सुरू करायची आहे त्यांच्यासाठी कोणी नेमकं लिहील का? आणि एक दिवस चुकला तर?

पारिजातक
रोजच्या टेनोफोविर-एमट्रिसिटाबीन गोळीबद्दल लिहिते.

आधी एचआयव्ही तपासणी, कारण आधीच लागण असेल तर ही दोन औषधं अपुरी पडतात आणि प्रतिकार तयार होतो. मागच्या चार आठवड्यांत ताप, पुरळ, घसादुखी, गाठी असं काही एकत्र झालं असेल आणि त्याच काळात धोका घडला असेल तर नुसत्या जलद तपासणीवर विसंबू नये, विषाणूची थेट तपासणी करावी. मूत्रपिंडासाठी रक्तातलं क्रिएटिनिन पाहावं. त्यावरून काढलेला क्लिअरन्स (मिनिटाला मिलिलिटर) ६० च्या खाली असेल तर टेनोफोविरचा हा प्रकार सहसा देत नाहीत. हिपॅटायटिस बी तपासावा. तो असेल तर गोळी घेता येते, पण मनाने बंद करायची नाही, बंद केल्यावर यकृताचा दाह उसळू शकतो.

योनीमार्गे संबंध असणाऱ्या स्त्रियांनी सात दिवस रोज घेतल्यावरच पूर्ण संरक्षण धरावं, आणि थांबवताना शेवटच्या संबंधानंतर आणखी सात दिवस घ्यावी. पुरुषांना, इस्ट्रोजेनची संप्रेरकं घेत नसतील तर, संबंधाआधी २ ते २४ तास दोन गोळ्या, मग पहिल्या मात्रेपासून २४ तासांनी एक आणि ४८ तासांनी एक, असंही चालतं. हिपॅटायटिस बी असेल तर हा मार्ग नाही. स्त्रियांसाठीही नाही.

चुकली तर आठवल्यावर लगेच एक, पुढची नेहमीच्या वेळेला. भरपाई म्हणून दोन एकदम नको. दर तीन महिन्यांनी एचआयव्ही आणि इतर लैंगिक संसर्गांची तपासणी, कारण ही गोळी सिफिलिस, गनोरिया, क्लॅमिडिया थांबवत नाही. त्यासाठी कंडोम. आणि लॅटेक्सच्या कंडोमबरोबर तेल, व्हॅसलीन, लोशन वापरू नये, लॅटेक्स काही मिनिटांत कमकुवत होतं. पाण्याचं किंवा सिलिकॉनचं वंगण चालतं.

वाटसरू
आणि गोळी चालूच नव्हती, काल रात्री कंडोम फाटला, असं कोणी विचारलं तर?

पारिजातक
मग आजच डॉक्टरांकडे. ७२ तासांची मर्यादा आहे, पण ती शेवटची हद्द समजावी, उसंत समजू नये. जितक्या लवकर तितकं बरं, रिपोर्टची वाट पाहत पहिली मात्रा अडवून ठेवायची नाही. तीन औषधं, त्यात सहसा डोल्युटेग्रॅविर असतं, सलग २८ दिवस. अँटासिड किंवा लोह-कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगावं, त्यांनी डोल्युटेग्रॅविरचं शोषण घटतं. पहिली तपासणी आज, मग चार ते सहा आठवड्यांनी, शेवटची तीन महिन्यांनी. २८ दिवस संपले आणि धोका पुढेही राहणार असेल तर मध्ये खंड न पाडता रोजच्या गोळीवर यायचं.